चेहरा नाकारणारा रॅपर

१९९४च्या एप्रिलमध्ये इलेक्ट्रा या बड्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने आपल्या एका बावीस वर्षांच्या कलावंताशी केलेला करार मोडला. त्याचा अल्बम तयार होता, मुखपृष्ठही तयार होतं, बाजारात यायचं तेवढं राहिलं होतं. कंपनीने त्याला वीस हजार डॉलर दिले, अल्बमच्या मूळ टेपा त्याच्याच हवाली केल्या आणि विषय मिटवला. निव्वळ व्यवहार म्हणून पाहिलं तर हा सौदा फार वाईट नव्हता. अशा तंट्यात कंपन्या बहुधा टेपा दाबून बसतात. पण त्या टेपांवर त्याच्या धाकट्या भावाचाही आवाज होता, आणि तो भाऊ वर्षभरापूर्वी रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडून गेला होता.

यानंतर जवळपास तीन वर्षं हा तरुण संगीताच्या जगात कुणाला दिसला नाही. परत आला तेव्हा त्याने डोक्यावरून हनुवटीपर्यंत नायलॉनचा मोजा ओढलेला होता. पुढे मोज्याची जागा धातूच्या मुखवट्याने घेतली आणि तो एमएफ डूम या नावाने ओळखला जाऊ लागला. २०२०मध्ये मरेपर्यंत त्याने लोकांसमोर तो मुखवटा सहसा उतरवला नाही.

डूमबद्दल लिहिणारे बहुतेक जण या मुखवट्याच्या गूढतेत रमतात. मला त्यात गूढ फारसं दिसत नाही. तो मुखवटा म्हणजे एका धंद्याला दिलेलं रोखठोक उत्तर होतं, आणि त्या धंद्याने काय केलं होतं हे कळल्याशिवाय उत्तराची धार कळत नाही.

डॅनियल डूमिलेचा जन्म १३ जुलै १९७१चा, लंडनच्या हाउन्स्लो भागातला. वडील झिंबाब्वेचे, आई त्रिनिदादची. मुलगा लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंडवर आलं आणि लाँग बीच या समुद्रकाठच्या गावी स्थिरावलं. डॅनियल तिथल्या शाळेत शिकला, तिथलंच इंग्रजी बोलू लागला, तिथल्याच मुलांबरोबर कॉमिक्स जमवू लागला. कागदोपत्री मात्र तो ब्रिटिशच राहिला. अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज करायचं काम राहून गेलं ते कायमचंच, आणि जवळपास चाळीस वर्षांनी ते त्याच्या मुळावर आलं.

धाकटा भाऊ डिंगिलिझवे त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघांनी मित्रांबरोबर केएमडी नावाची टोळी केली. ती आधी भिंती रंगवायची, मग रॅप करू लागली. डॅनियलने नाव घेतलं झेव्ह लव्ह एक्स, भावाने सबरॉक. १९८९मध्ये थर्ड बेस या गटाच्या ‘द गॅस फेस’ या गाण्यात झेव्ह लव्ह एक्सला एक कडवं मिळालं. न आवडणाऱ्या माणसाकडे पाहून तोंड वेडंवाकडं करायचं, त्याला ‘गॅस फेस’ म्हणायचे. हा शब्दप्रयोगही त्याच्याच मित्रमंडळींतून आला होता. ते कडवं दान्ते रॉस या माणसाच्या कानावर पडलं. तो इलेक्ट्रासाठी नवे कलावंत हेरायचा. त्याने केएमडीला करारबद्ध केलं आणि १९९१मध्ये ‘मिस्टर हूड’ हा त्यांचा पहिला अल्बम आला.

आज तो अल्बम ऐकताना चकित व्हायला होतं, कारण डूमचा जडशीळ आवाज त्यात कुठेच नाही. झेव्ह लव्ह एक्स पोरसवदा, चपळ आणि खोडकर आहे. परदेशी भाषा शिकवणाऱ्या एका जुन्या तबकडीतली वाक्यं कापून, जोडून या पोरांनी मिस्टर हूड नावाचं पात्र उभं केलं होतं आणि त्याच्याशी ते गप्पा मारायचे. गाण्यांच्या चित्रफितींमध्ये डॅनियल चेहरा उघडा ठेवून हसताना दिसतो. पण या पोरकटपणाखाली एक गंभीर धागा होता. जाड ओठांचा, बटबटीत डोळ्यांचा ‘सॅम्बो’ हे कृष्णवर्णीयांची टवाळी करणारं जुनं अमेरिकी व्यंगचित्र. केएमडीने तेच आपलं बोधचिन्ह केलं आणि त्यावर आडवी रेघ मारली.

दुसऱ्या अल्बमचं, ‘ब्लॅक बास्टर्ड्‌स’चं, काम संपत आलं असताना २३ एप्रिल १९९३ रोजी लाँग आयलंडवरचा एक महामार्ग पायी ओलांडताना सबरॉकला मोटारीने उडवलं. त्याचं वय होतं एकोणीस. उरलेलं काम डॅनियलने एकट्याने पुरं केलं आणि मुखपृष्ठाचं चित्रही स्वतः काढलं. त्यात फासावर लटकणारा सॅम्बो होता. ज्या चित्राने आपल्या लोकांची शंभर वर्षं टर उडवली त्या चित्रालाच फाशी, असा त्याचा अर्थ.

‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकातल्या एका स्तंभाने त्यातून नेमका उलटा अर्थ काढला. त्या लेखणीला दिसला तो फासावर गेलेला काळा माणूस. एरवी कंपनीने चित्र बदलायला सांगून वेळ मारून नेली असती. पण १९९२मध्ये आइस-टीच्या ‘कॉप किलर’ या गाण्यावरून पोलिसांच्या संघटनांनी टाइम वॉर्नर या उद्योगसमूहावर बहिष्काराची मोहीम चालवली होती, आणि इलेक्ट्रा त्याच समूहातली. दुधाने तोंड पोळलेले साहेब ताक फुंकत बसलेच नाहीत, त्यांनी ते ओतून दिलं. चित्राचा अर्थ चित्रकाराला विचारावा, असं कुणाला वाटल्याचं दिसत नाही.

पुढचा काळ हलाखीचा होता. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत होतो, बाकांवर झोपत होतो, असं डॅनियलने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. तो बाहेर होता त्या दोन-तीन वर्षांत रॅपचा धंदा पार बदलला. १९९६च्या दूरसंचार कायद्याने एकाच मालकाने किती रेडिओ केंद्रं घ्यावीत यावरचे निर्बंध सैल केले आणि मोजक्या मालकांची मोजकीच गाणी देशभर वाजू लागली. चित्रफितींचं अंदाजपत्रक सिनेमाच्या तोडीचं झालं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टुपाक शकूर आणि १९९७च्या मार्चमध्ये नोटोरियस बी.आय.जी. गोळीबारात मारले गेले. मेल्यावर दोघांचे चेहरे जिवंतपणीहून अधिक खपू लागले. चकचकीत सूट, गळ्यात साखळ्या, कॅमेऱ्यासमोर पसरलेले हात हे सगळं आता गाण्याइतकंच, कधी गाण्याहून जास्त, विकलं जात होतं.

याला कंटाळलेल्या लोकांची वस्तीही न्यूयॉर्कमध्येच होती. कोलंबिया विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो गार्सिया हे दोघे मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत करार नसलेल्या रॅपरांना वाजवायचे. बॉबिटोने फॉन्डल एम नावाची छोटी कंपनी काढली होती. ती बारा इंची तबकड्या काढायची, जाहिरात जवळपास नाही, चित्रफितींचं नाव नाही. १९९७मध्ये याच कंपनीने डॅनियलची नवी गाणी एमएफ डूम या नावाने काढली. त्याच सुमारास मॅनहॅटनच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत कुणीही यावं आणि माइक धरावा अशा रात्री व्हायच्या. तिथे मोजा ओढलेला एक जाडजूड माणूस येऊन रॅप करून जाऊ लागला. तो झेव्ह लव्ह एक्स आहे, हे बऱ्याच जणांना उशिरा कळलं.

नाव कॉमिक्समधून उचललेलं होतं. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२मध्ये ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या पाचव्या अंकात डॉक्टर डूम हा खलनायक आणला. बुद्धिमान, स्वाभिमानी, अपघाताने चेहरा विद्रूप झालेला, तो लोखंडात झाकून जगावर सूड उगवू पाहणारा. डॅनियलला लहानपणापासून डूम म्हणायचेच, आडनावही जवळचं. पण नावापेक्षा कथानक त्याला चपखल बसलं. आपल्याला विद्रूप केलं ते या धंद्याने, आता त्याचा हिशेब चुकता करायचा, ही भूमिका त्याने घेतली आणि शेवटपर्यंत निभावली. मुखवटा आधी खेळण्यातला, रंग फवारलेला. पुढे ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटातल्या शिरस्त्राणाच्या प्रतिकृतीवरून कीओ या चित्रकार मित्राने धातूचा बनवून दिला.

१९९९मध्ये ‘ऑपरेशन: डूम्सडे’ आला. बीट्‌स जवळजवळ सगळे डूमने स्वतः केलेले. त्या वेळच्या भूमिगत रॅपमध्ये काळवंडलेल्या, कर्कश ध्वनींची चलती होती. डूमने मात्र मऊ, गुळगुळीत प्रेमगीतं उचलली, सादेचं गाणं, क्विन्सी जोन्सचं गाणं, आणि त्यावर आपला घोगरा आवाज ठेवला. मध्ये मध्ये फॅन्टॅस्टिक फोरच्या व्यंगपटातले संवाद. केवळ प्रश्नचिन्ह हेच शीर्षक असलेल्या एका गाण्यात तो भावाशी बोलतो. एरवी शोकाचा बोभाटा नाही. खलनायकाला रडण्याची मुभा नसते, ही सोय बहुधा त्याने जाणून घेतली होती.

आता त्याच्या शैलीबद्दल, कारण मुखवटा काढून घेतला तरी डूम उरतो तो इथे.

रॅपमध्ये यमक असतंच, पण साधा रॅपर ओळीच्या शेवटी एक शब्द जुळवतो. डूम चार-पाच अक्षरांचा अख्खा तुकडा घेतो आणि त्याच स्वरांचे तुकडे पुढच्या ओळीत सुरुवातीला, मध्ये, शेवटी पेरत जातो. कधी एकच स्वरमालिका आठ-दहा ओळी चालते. व्यंजनं जुळतातच असं नाही, स्वर जुळतात, म्हणून कानाला यमक लागतं पण पुढचा शब्द ओळखता येत नाही. मोरोपंतांच्या आर्येत यमक साधण्यासाठी शब्दांची जी कसरत चालते तिचा ज्यांनी आनंद घेतला आहे त्यांना हा आनंद परका वाटू नये. फरक एवढाच की पंत यमक मिरवतात आणि डूम ते लपवतो. तो पारावर बसून गप्पा हाकाव्यात तसा, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत बोलतो. कसरत चाललेली आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात उमगतं.

आणखी एक खोडी त्याची खास. यमक आणि अर्थ दोन्ही एका ठरावीक, बहुधा अचकट शब्दाकडे धावत असतात. ऐकणारा तो शब्द मनात म्हणतोही. नेमक्या त्या जागी डूम भलताच निरागस शब्द टाकून पुढे जातो. स्वतःचा उल्लेख तो तृतीयपुरुषी करतो: खलनायक आला, खलनायक जेवला, खलनायकाचे पैसे थकले. ध्रुवपद त्याला फारसं रुचत नाही. बढाई मारताना श्रीमंतीपेक्षा थकलेली उधारी, पोटाचा घेर आणि जुने दूरदर्शन कार्यक्रम जास्त येतात. रॅपच्या नायकाची सगळी ऐट त्याने अशी आतून पोखरली, आणि त्यासाठी कुणावर थेट टीका करायची त्याला गरज पडली नाही.

एकदा चेहरा नाहीसा केल्यावर एकाच नावाला चिकटून राहायचं कारण उरलं नाही. २००३मध्ये तो किंग गीडोरा झाला, गॉडझिलाच्या जपानी चित्रपटांतला तीन डोक्यांचा राक्षस, जो अंतराळातून माणसांचे उद्योग पाहतो. त्याच वर्षी व्हिक्टर व्हॉन झाला, तरुण, उतावळा, शेफारलेला. प्रत्येकाची बोलण्याची ढब निराळी आणि प्रत्येक अल्बमची कंपनीही निराळी. यामागे गंमत होती तसा हिशेबही होता: एका नावाचा करार दुसऱ्या नावाला बांधत नाही. इलेक्ट्राने पोळलेला माणूस पुन्हा एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घेणार नव्हता.

तिकडे कॅलिफोर्नियात ऑक्सनार्ड गावचा ओटिस जॅक्सन, म्हणजे मॅडलिब, हा बीट्‌स बनवणारा एक अबोल गृहस्थ डूमबरोबर काम करायचं म्हणत होता. त्याची कंपनी स्टोन्स थ्रो, लॉस एंजेलिसच्या माउंट वॉशिंग्टन भागातल्या एका घरातून चालायची. त्या घराखाली शीतयुद्धाच्या काळातला, बाँबहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेला भुयारी निवारा होता आणि तोच मॅडलिबचा स्टुडिओ. कंपनीने डूमला विमानाचं तिकीट धाडून बोलावून घेतलं. करार कागदी ताटलीवर लिहिला गेला, असं त्या घरातल्यांनीच सांगितलेलं आहे. दोघे एकमेकांशी फारसं बोलत नसत. मॅडलिब खाली बीट्‌स करायचा, डूम वर बसून ऐकायचा आणि लिहायचा.

२००२मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला. तिथे जुन्या तबकड्या विकत घेतल्या आणि साओ पावलोच्या हॉटेलात छोटा रेकॉर्ड प्लेयर, साधं सॅम्पलर आणि कॅसेट डेक एवढ्या सामानावर काही बीट्‌स करून टाकले. पण अर्ध्यामुर्ध्या अल्बमची प्रत याच सुमारास फुटली आणि प्रकाशनाच्या चौदा महिने आधीच इंटरनेटवर फिरू लागली. दोघेही वैतागून दुसऱ्या कामांकडे वळले. परत आले तेव्हा डूमने बहुतेक गाणी नव्याने म्हटली, पहिल्यापेक्षा संथ, खालच्या पट्टीत, जणू आत्ताच झोपेतून उठला आहे. ज्यांनी दोन्ही ऐकली आहेत त्यांच्यात कोणतं चांगलं यावर अजून वाद होतात. माझं मत दुसऱ्याला. तो आळसावलेला आवाज आणि त्यातली ती गच्च विणलेली यमकं, ही जोडी पहिल्या ध्वनिमुद्रणात नाही.

२३ मार्च २००४ रोजी ‘मॅडव्हिलनी’ आला. बावीस तुकडे, सगळे मिळून पाऊण तासाच्या आसपास. कित्येक गाणी दोन मिनिटांतच संपतात, जवळपास कशालाच ध्रुवपद नाही, आणि एका गाण्याचा पाया म्हणजे फक्त अकॉर्डियनचा लांबट सूर. रेडिओवर वाजेल असं त्यात काहीच नव्हतं. बिलबोर्डच्या यादीत तो १७९च्या वर गेला नाही. तरी स्टोन्स थ्रोसारख्या छोट्या कंपनीच्या मानाने त्याचा खप मोठा ठरला आणि रॅपकडे सहसा न फिरकणाऱ्या समीक्षकांनीही त्याची दखल घेतली. मुखपृष्ठावर डूमचा मुखवटा होता, इतक्या जवळून टिपलेला की त्यामागचे डोळे दिसावेत. दहा वर्षांपूर्वी ज्याचा अल्बम मुखपृष्ठापायी बुडाला त्याचं हे दुसरं गाजलेलं मुखपृष्ठ.

 

२००४च्याच नोव्हेंबरात ‘एमएम..फूड’ आला. आपल्याच नावातल्या अक्षरांची अदलाबदल करून डूमने हे शीर्षक केलं, आणि गाण्यांची नावं खाद्यपदार्थांवरून. २००५मध्ये डेंजर माउस या निर्मात्याबरोबर कार्टून वाहिनीतल्या पात्रांना घेऊन आणखी एक. मागणी चढी होती, आणि डूमने मुखवट्याचं तर्कशास्त्र शेवटच्या टोकाला नेलं ते याच काळात.

२००७च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या जलशात मुखवटाधारी मंचावर आला, पण त्याची शरीरयष्टी बारीक होती आणि ओठ ध्वनिमुद्रित आवाजावर हलताहेत असं लोकांना वाटलं. त्यांनी त्याला हुर्यो करून पळवलं. असे तोतये आणखीही ठिकाणी दिसले. ‘न्यूयॉर्कर’ने २००९मध्ये विचारलं तेव्हा डूमने ओशाळण्याऐवजी बाजू मांडली: हे पात्र मी लिहिलं आहे, दिग्दर्शकही मीच, पात्राच्या जागी कुणाला उभं करायचं ते मी ठरवणार. युक्तिवाद चोख आहे. पण तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या पोराला युक्तिवाद ऐकायचा नव्हता, डूमला ऐकायचं होतं. धंदा ऐकणाऱ्याला फसवतो म्हणून ज्याने मुखवटा घातला, त्याने शेवटी ऐकणाऱ्यालाच फसवलं. त्याच्या चाहत्यांनी यावर घातलेली पांघरुणं मला पटत नाहीत.

२००९मध्ये ‘बॉर्न लाइक धिस’ आला आणि बिलबोर्डच्या यादीत ५२व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पाठोपाठ २०१०मध्ये डूम युरोपच्या दौऱ्यावर गेला. परतताना अमेरिकेने त्याला आत घेतलं नाही. नागरिकत्वाचे ते राहून गेलेले कागद आता आडवे आले होते. बायको-मुलं अमेरिकेत, घर अमेरिकेत, बोली अमेरिकेची, आणि हा माणूस जन्मगावी, लंडनला, अडकलेला. पुढे कुटुंब त्याच्याकडे आलं, पण दोन वर्षांच्या आसपास ताटातूट झालीच. २०१२मध्ये त्याने अमेरिकेशी आपलं नातं संपल्याचं मुलाखतीत सांगून टाकलं. त्याच वर्षीच्या ‘की टू द कफ्स’ या अल्बममध्ये इंग्लंडचे रस्ते आणि तिथली बोलीभाषा डोकावते. २०१४मध्ये त्याने बिशप नेहरू या कोवळ्या रॅपरसाठी बीट्‌स केले. त्या मुलाने नावाचा अर्धा भाग टुपाकने रंगवलेल्या एका चित्रपटातल्या पात्राकडून घेतला होता आणि अर्धा पंडित नेहरूंकडून.

२०१७मध्ये डूमचा चौदा वर्षांचा मुलगा वारला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात स्वतः डूम गेला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. रक्तदाबाच्या औषधाची घातक प्रतिक्रिया होऊन सूज आली होती, हे चौकशीत पुढे आलं. कुटुंबाने ही बातमी दोन महिने स्वतःपाशी ठेवली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी जाहीर केली.

त्याच्यामागे काय राहिलं हे मोजायचं तर टायलर द क्रिएटर आणि अर्ल स्वेटशर्ट या रॅपरांपासून सुरुवात करावी लागते. एका अख्ख्या पिढीने त्याच्याकडून उचललं ते मुखवट्यापेक्षा दुसरंच काही: मोठ्या कंपनीवाचून, रेडिओवाचून, ध्रुवपदावाचूनही रॅपवर पोट भरता येतं हा भरवसा. फॉन्डल एम २००१मध्येच बंद पडली होती, पण स्टोन्स थ्रो आणि मिनियापोलिसची ऱ्हाइमसेयर्स या ‘एमएम..फूड’ काढणाऱ्या कंपनीसारख्या घरगुती कंपन्यांना त्याच्या अल्बमांनी बळ दिलं. ‘ब्लॅक बास्टर्ड्‌स’ही छोट्याच कंपन्यांकडून, त्याच मुखपृष्ठासह, बाजारात आला होता. मुखवट्याच्या प्रतिकृती मात्र आता सर्रास विकत मिळतात. २०२१च्या जुलैमध्ये लाँग बीचच्या एका रस्त्याला केएमडी–एमएफ डूम वे असं नाव देण्यात आलं, आणि त्यात भावाबरोबरचा गट आधी आहे.

वादही राहिला. इंग्लंडला अडकला तेव्हा डूमच्या यमकांच्या वह्या अमेरिकेत मागे राहिल्या होत्या. त्या परक्या हाती गेल्या म्हणून २०२३मध्ये त्याच्या पत्नीने स्टोन्स थ्रोतल्या एका जुन्या सहकाऱ्यावर दावा लावला. आपण त्या नष्ट होण्यापासून वाचवल्या, असं त्या सहकाऱ्याचं म्हणणं. हसऱ्या चेहऱ्याने सुरू झालेल्या त्या कारकिर्दीतला हा तंटा डूमच्या हस्ताक्षरावरून होता.